दुसरी चावी आहे म्हणून गाडी उचलून आणू नका

सगळ्यात आधी ते दुसऱ्या चावीचं डोक्यातून काढा, बाकीचं नंतर बोलू.

इतरांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. प्रश्न विचारणारे हे पिंपरीचे, मित्रासोबत त्याच्याच गाडीने रत्नागिरीला गेले होते. येताना गाडी हे चालवत होते, आंबा घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला, मित्र शेजारून म्हणाला "चल रे, वर चहाच्या टपरीवर थांबू", हे चालवत राहिले आणि दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफ. क्रेनने गाडी गॅरेजला, तिथे होज पाईप आणि कूलंटचे साडेचार हजार ठरले, यांनी 2,000 जीपे केले आणि दोघं एसटीने घरी. चार दिवसांनी बिल आलं 38,000, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग खोलला म्हणे, त्याखालचं सील म्हणजे गॅस्केट गेलेलं, वर पार्किंगचे रोज 200. आता मित्र म्हणतो तू चालवत होतास तू भर, नाहीतर माझ्याकडे दुसरी चावी आहे, रात्री जाऊन काढून आणू.

स्वतःच्याच गाडीची चोरी कशी होईल असं तुम्ही विचारलंय. होते! भारतीय न्याय संहितेचं चोरीचं कलम 303, जुन्या आयपीसीत 378, त्याच्याखाली उदाहरणच दिलंय, घड्याळ दुरुस्तीला दिलं, पैसे बाकी म्हणून कारागिराने कायदेशीरपणे ठेवून घेतलं आणि मालकाने त्याचं ते तारण बुडवायला गुपचूप उचललं तर ती चोरी. आणि 1872 च्या करार कायद्याचं कलम 170 कारागिराला मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवायचा हक्क देतं. म्हणजे रात्री तुम्ही गेलात तर तो गॅरेजवाला सकाळी पोलीस स्टेशनला फिर्यादी आणि तुम्ही दोघं आरोपी.

पण त्याचा हा हक्क सांगितलेल्या कामापुरताच असतो. इथे तुमच्या मेसेजमधली शेवटची ओळ मला नडली, त्याने "हेड खोलायला लागेल" असं वॉट्सअॅप केलं आणि तुम्ही अंगठा पाठवला. अहो कशाला पाठवायचा! आता तो म्हणणार परवानगी होती. माझं म्हणणं, अंगठ्याने तुम्ही खोलायला हो म्हणालात, 38,000 ला नाही, रक्कम त्यात कुठे नव्हतीच. पण सांगितलंच नव्हतं असं मात्र कुठे लिहू नका, चॅट त्याच्याकडेही आहे. पार्किंगचं तर सोडाच, आधी ठरलं नसेल तर आपल्याच बिलासाठी गाडी अडवायची आणि वर तिचं भाडं लावायचं हे चालत नाही.

त्याच्याकडून पार्टवार बिल मागा, जुनं गॅस्केट आणि जुना पाईप परत मागा. ठरलेले उरलेले अडीच हजार आणि खोलायची वाजवी मजुरी मेसेजवर लेखी ऑफर करा. नाहीच ऐकलं आणि गाडी अर्जंट हवी असेल तर पूर्ण पैसे ऑनलाइन भरा पण "हरकत ठेवून देतोय" असं बिलावर आणि मेसेजमध्ये लिहा. मग आधी 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर, नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच करता येते, मुदत 2 वर्षं, आणि 5 लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही. इन्शुरन्सचं विचारू नका, साध्या पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन बसत नाही, फार तर रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर क्रेनचे निघतील.

आता मित्र. गाडी उसनी देऊन तो घरी बसला असता तर गोष्ट वेगळी होती, तेव्हा ती जपायची जबाबदारी तुमची आणि माहीत असलेला दोष सांगायची त्याची. पण तो शेजारीच बसलेला, काटा त्यालाही दिसत होता, चल म्हणाला तोच, आणि दर आठवड्याला रेडिएटरमध्ये पाणी घालायला लागतं हे त्याने एसटीत बसल्यावर सांगितलं!! तुमची चूक शून्य नाही, लाल काट्यावर गाडी पळवू नये हे चालवणाऱ्यालाही कळायला हवं, पण सगळं तुमच्या गळ्यात घालणं कायद्यात बसत नाही. गॅरेजशी बोलणी तुम्ही केली म्हणून गॅरेजवाला पैसे तुमच्याकडेच मागणार हे खरं, मात्र तुम्ही भरलेत तर करार कायद्याच्या कलम 70 खाली मित्राकडे मागता येतात, नवं गॅस्केट त्याच्याच गाडीत बसलंय ना. मित्राला नोटीस वगैरे मात्र पाठवू नका, आयोगात तक्रार दोघांच्या नावाने केलेली बरी, आरसी त्याची आणि जीपे तुमचं.

गाडी आणायला दोघं दिवसाढवळ्या जा, आणि पैसे द्यायच्या आधी ती चालू करून वीस मिनिटं उभी ठेवा, काट्याकडे बघत.