भावाचा आजार माझ्या मुलांत उतरेल का?

प्रश्न : आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. माझ्या थोरल्या भावाला सहा वर्षांपासून बायपोलर आजार (कधी अति उत्साह, तर कधी खोल नैराश्य) असून त्यावरचे लिथियम हे औषध चालू आहे. पहिल्या वेळी, गोडी छाटणीच्या (फळे धरण्यासाठी केल्या जाणाऱ्या छाटणीच्या) दिवसांत, तो चार रात्री न झोपता हातात बॅटरी घेऊन वेलींच्या काड्या मोजत फिरत होता. आमच्या मामांनाही हाच आजार होता. मी 28 वर्षांची असून माझे लग्न ठरत आहे. माझ्या मुलांना हा आजार होईल का? नाशिकला केलेल्या तपासणीत भावाचा सीआरपी (रक्तातला दाहाचा, म्हणजे अंगातल्या सुजेचा, निदर्शक) वाढलेला आला आहे. दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी आजार मुळापासून जाईल का?

उत्तर : आधी लग्नाचे, कारण आपल्या पत्रातली खरी धास्ती तीच दिसते. हा आजार घराण्यात चालतो, हे खरे आहे. पण वारशाने येते ती प्रवृत्ती, आजार नव्हे. जनुके अगदी सारखी असलेल्या जुळ्यांपैकी एकाला बायपोलर असला, तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. सर्वसाधारण समाजात शंभरात एखाद्‌दुसऱ्याला हा आजार होतो, तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत हे प्रमाण शंभरात साधारण पाच ते दहा असते. आजाराची सुरुवात बहुधा विशीच्या आगेमागे होत असल्याने, अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत निरोगी राहिलेल्या आपल्या वाट्याची जोखीम बरीचशी मागे पडली आहे. आपल्या मुलांसाठी ती याहून कमी असेल. मामांच्या आजारामुळे तिला थोडे वजन येते, इतकेच. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात या आजाराशी निगडित अशा 298 जागा मानवी जनुकसंचात आढळल्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ आहे. म्हणूनच बाळाला हा आजार होईल की नाही, हे रक्त तपासून कोणीही सांगू शकत नाही. तसा दावा करणाऱ्या तपासणीवर कृपया पैसे घालवू नका.

आता दाहाविषयी. मॅनियात (अति उत्तेजित अवस्थेत) आणि नैराश्यात सीआरपी, इंटरल्यूकिन-6 यांसारखे दाहाचे निदर्शक अनेक रुग्णांत वाढलेले आढळतात आणि मन स्थिरावल्यावर ते बऱ्याच अंशी उतरतात. मात्र किडलेली दाढ, वाढलेले वजन, तंबाखू, सलगची जागरणे यांनीही सीआरपी चढतो, त्यामुळे एका अहवालावरून आजाराचे मूळ सापडले असे मानता येत नाही. दाहावर औषध देऊन मन सावरते का, हे संशोधकांनी तपासले आहे. पाकिस्तानात झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपोलर नैराश्याच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत मिनोसायक्लिन (एक प्रतिजैविक) आणि सेलेकॉक्सिब (एक दाहशामक) ही औषधे देण्यात आली. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्यांचा अधिक उपयोग दिसला नाही.

येथे मला अत्यंत कळकळीने एक सांगायचे आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दाह कमी करतात, पण त्यांच्यामुळे मूत्रपिंडावाटे लिथियम बाहेर पडण्याचे प्रमाण घटते आणि रक्तातील पातळी घातक होऊ शकते. काढणीच्या हंगामात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेली अशा गोळ्यांची साधी पट्टीही भावाला अशा संकटात टाकू शकते. हात जास्त थरथरणे, जुलाब-उलट्या, जीभ जड होणे, तोल जाणे यांपैकी काही दिसले तर लिथियमची पुढची गोळी न देता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उन्हात काम करताना त्याने भरपूर पाणी प्यावे आणि कोणाच्या सांगण्यावरून मीठ एकदम बंद करू नये. लिथियमची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड यांची तपासणी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला चुकता कामा नये. सीआरपीचा अहवालही त्याच वेळी त्यांना दाखवावा.

आपल्या पत्रातील त्या चार रात्रींकडे मी पुन्हा वळतो. झोप मोडणे ही मॅनियाची खूण असते, तसेच त्याचे निमित्तही ठरते. घराण्याची जनुके बदलता येत नाहीत, पण रात्रीची राखण आणि पहाटेची फवारणी दुसऱ्या कोणाकडे देता येते. येत्या गोडी छाटणीपूर्वी घरात बसून ही वाटणी ठरवून टाका, आणि लागोपाठ दोन रात्री भावाची झोप उडाली, तर तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा.