स्क्रोल कोणता, ते आधी पाहा

आपण भाषांतराला नुकतेच बसला आहात, म्हणून सांगतो: ‘स्क्रोल’ दिसताच ‘गुंडाळी’ लिहून मोकळे होऊ नका. मृत समुद्राजवळ कुमरान येथे १९४७ पासून सापडलेल्या चामड्याच्या व पपायरसच्या हस्तलिखितांना तो शब्द शोभतो. त्यांतली एक तर तांब्याच्या पत्र्याची आहे. मात्र कोषागाराच्या कागदपत्रांत ‘बँक स्क्रोल’ म्हणजे बँकेकडून रोज येणारी जमा-खर्चाच्या नोंदींची यादी, जिच्याशी प्रत्येक चलनावरील, म्हणजे पैसे भरण्याच्या चिठ्ठीवरील, रक्कम ताडून पाहिली जाते. तिथे ‘स्क्रोल’ तसाच ठेवावा, कारण लेखा विभागात तोच रुळला आहे. व्हायोलिनच्या खुंट्यांपुढचे कोरीव वेटोळेही स्क्रोलच. मोबाइलच्या सूचनांत मात्र ‘स्क्रोल करा’ पुरे. ‘गुंडाळा’ लिहिलेत, तर वाचक कारभारच आटोपता घेईल.