मनगटी घड्याळ : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न मनगटी घड्याळांच्या देखभालीचे आहेत. क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारी आणि मेकॅनिकल म्हणजे चावीची किंवा ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी), अशी दोन्ही घड्याळे त्यात आली. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा अचानक दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला आहे. वेळ मात्र अचूक आहे. मशीन बिघडले का?

मशीन ठीक आहे, सेल संपत आला आहे. व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरले की सर्किट काटा दर सेकंदाला न हलवता दोन सेकंदांनी एकदम हलवते. काही मशीनमध्ये ही उडी चार सेकंदांची असते. वेळ चुकत नाही, कारण आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतच असतो. सर्किट ही संख्या पंधरा वेळा निम्मी करून एका सेकंदाचा ठोका काढते. बदलते ती फक्त मोटरला झटका देण्याची पद्धत. सगळ्याच घड्याळांत ही सोय नसते, पण तुमच्यात आहे तर तिचा फायदा घ्या आणि त्याच आठवड्यात सेल बदला.

घाई कशासाठी, तर संपलेला सेल आत राहिला की गळू शकतो. त्यातला पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइडचा क्षार कडेने झिरपतो, पितळी पट्टीवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात आणि तिथून तो मोटरच्या कॉइलपर्यंत, म्हणजे तारेच्या वेटोळ्यापर्यंत जातो. कॉइलची तार केसाहूनही बारीक असते. ती एका ठिकाणी तुटली तरी घड्याळ कायमचे थांबते, आणि जुन्या मशीनची कॉइल वेगळी मिळेलच असे नाही. म्हणजे सेलच्या खर्चात भागणारे काम मशीन बदलण्यावर जाते. कपाटात पडून असलेल्या बंद घड्याळांतले सेलही आजच काढून घ्या. अनेकजण चावी ओढून घड्याळ ठेवून देतात. त्याने मोटर थांबते आणि खर्च बराच कमी होतो हे खरे, पण सर्किट चालूच राहते, सेल आत म्हातारा होतोच, शिवाय उघड्या चावीतून धूळ आणि दमट हवा आत जाते. दोन-चार आठवड्यांसाठी ही युक्ती ठीक, वर्षभरासाठी नाही.

प्रश्न : सेलवर एसआर ६२६ एसडब्ल्यू असे लिहिलेले होते. दुकानात एजी ४ दिला. आकार तंतोतंत तोच आहे. चालेल का?

घड्याळ चालू होईल, पण हा सेल घालू नका. ६२६ हा आकडा मापाचा आहे : व्यास ६.८ मिलिमीटर, जाडी २.६ मिलिमीटर. आत कोणते रसायन आहे ते आधीची अक्षरे सांगतात. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्टचा. तो जवळजवळ शेवटपर्यंत तेवढेच व्होल्टेज धरून ठेवतो आणि मग एकदम बसतो. एजी ४, म्हणजेच एलआर ६२६, हा अल्कलाइन. सुरुवात १.५ व्होल्टला आणि पहिल्या दिवसापासून उतार. क्षमता कमी आणि गळण्याची खोड जास्त. खेळण्यात तो शोभतो. ३७७ असा आकडा असलेला सेल मिळाला तर तो तुमचाच आहे, एसआर ६२६ एसडब्ल्यूचे ते दुसरे नाव. ३७६ मात्र त्याच मापाचा असूनही जास्त करंट ओढणाऱ्या, म्हणजे दिवा किंवा गजर असलेल्या घड्याळांसाठी असतो.

सेल बसवताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. धातूच्या चिमट्याने सेल दोन्ही बाजूंनी धरला की तो शॉर्ट होतो, म्हणून प्लॅस्टिकचा चिमटा. आणि सेल बसवूनही काटे हलत नसतील तर मशीनवर ‘एसी’ असे कोरलेली बारीक जागा आहे का पाहायला सांगा. काही मशीनमध्ये, विशेषतः स्टॉपवॉच असलेल्या, ती जागा आणि सेलची धन बाजू मात्र धातूच्या चिमट्याने क्षणभर जोडून सर्किट रीसेट करावे लागते. हे न केल्यामुळे चांगली मशीनेही ‘गेली’ म्हणून बदलली जातात.

प्रश्न : चांगला सेल घालूनही तो आठ-नऊ महिन्यांत संपतो. असे तीनदा झाले. दोष सेलचा की घड्याळाचा?

तीनदा झाले म्हणजे घड्याळाचा. हिशेब करून पाहा. वर सांगितलेल्या मापाच्या सेलची क्षमता साधारण २५ मिलिअँपिअर-तास धरा. साधे तीन काट्यांचे मशीन एक मायक्रोअँपिअर ओढत असेल तर हा सेल २५,००० तास, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या वर चालायला हवा. नऊ महिन्यांत संपतो याचा अर्थ मशीन तिप्पट-चौपट करंट ओढते आहे.

‘क्वार्ट्झला सर्व्हिसिंग लागत नाही’ हा समज इथेच महाग पडतो. त्यातही दाते असलेली चाके आहेत, त्यांच्या टोकांना तेल आहे आणि ते सुकते. सुकलेल्या तेलात आणि पट्ट्याच्या धाग्यांत चाके अडखळू लागली की नव्या धाटणीचे सर्किट मोटरला जास्त जोराचे झटके देते. काटे फिरत राहतात, वेळ बरोबर दिसते आणि सेल झपाट्याने रिकामा होतो. दुसरे कारण ओलावा : सर्किटवर दमटपणाचा पातळ थर बसला की करंट भलतीकडे झिरपतो. पुढचा सेल घालण्याआधी मशीन किती करंट ओढते ते मीटरवर मोजून मागा. आकडा जास्त आला आणि मशीन धातूचे, खोलता येणारे असेल तर सफाई आणि तेल करून घ्या. पूर्ण प्लॅस्टिकचे, न खोलता येणारे मशीन असेल तर सफाईत पैसे घालू नका, तेच मशीन नवीन बसवणे स्वस्त पडते.

प्रश्न : मागच्या झाकणावर ‘३० मीटर’ लिहिले आहे. तरी नळाखाली हात धुतल्यावर काचेच्या आत वाफ दिसते. कंपनी खोटे लिहिते का?

खोटे नाही, पण लिहिण्याची पद्धत दिशाभूल करणारी आहे. तीस मीटर म्हणजे तीन बार इतका स्थिर दाब नव्या घड्याळाने कारखान्यात सोसला. तुम्ही तीस मीटर खोल जावे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. व्यवहारात तीन बार म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुताना उडणारे थेंब. पाच बारला वरवरचे ओले होणे चालते. पोहायचे असेल तर दहा बार हवेत. डायव्हिंगसाठी मात्र दोनशे मीटरचा नुसता आकडा पुरत नाही, ‘डायव्हर्स’ असा स्पष्ट उल्लेख आणि आयएसओ ६४२५ ची चाचणी पाहा.

शिवाय हा आकडा जन्मभराचा नसतो. पाणी अडवतात त्या रबरी रिंगा : एक मागच्या झाकणाखाली, एक चावीच्या नळीत, बहुधा एक काचेभोवती. रबर कडक होते, चपटे होते, घाम आणि साबणाने खाल्ले जाते. झाकणाखालची रिंग काढून हातात घ्या. नवी रिंग गोल आणि लवचीक असते. जुनी सपाट, चकाकणारी झालेली असते आणि वाकवली की बारीक भेगा दिसतात. अशी रिंग परत बसवली तर झाकण घट्ट बसल्याचा आवाज येतो, पण पाणी अडत नाही. म्हणून सेल बदलताना प्रत्येक वेळी झाकणाची रिंग तपासा, शंका आली तर बदला, आणि बसवताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. चोपडायचे नाही, जास्तीचे ग्रीस आत पसरते. चावीची रिंग सगळेच विसरतात, खरे तर रोज झिजते ती तीच.

गरम पाण्याच्या शॉवरखाली कोणतेही घड्याळ नेऊ नका, दोनशे मीटरचेही. रबर आणि धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, साबणामुळे पाण्याचा ताण कमी होऊन ते बारीक फटीतही शिरते, आणि नंतर घड्याळ थंड झाले की आतली हवा आकसून बाहेरचा ओलावा आत ओढते.

आता तुमच्या वाफेचे. ती दिव्याच्या उष्णतेने किंवा हेअर ड्रायरने घालवू नका. वाफ दिसेनाशी होते, पाणी आतच राहते. त्याच दिवशी मागचे झाकण उघडून, सेल काढून, मशीन कोरडे करून घ्या. पोलादी भागांवर गंज चढायला फार वेळ लागत नाही, आणि समुद्राचे पाणी असेल तर एक दिवसही थांबू नका. रिंगा बदलल्यावर दाबाची चाचणी मागा, हवेच्या दाबावर होणारी, घड्याळ न भिजवता. आत ओल राहिली का हे पाहण्याची साधी रीत आहे : घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तापलेल्या पट्टीवर ठेवून काचेवर थंड पाण्याचा थेंब टाकायचा, मिनिटाने पुसायचा. थेंबाच्या जागी आतून धुके धरले तर ओलावा अजून आहे.

प्रश्न : वडिलांचे चावीचे घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे व्हायचे. आता एका आठवड्यात एकदम दिवसाला सात-आठ मिनिटे पुढे पळू लागले. पडलेले नाही.

आधी चुंबकाची शंका घ्या. बॅलन्स व्हील म्हणजे झुलून वेळ राखणारे चाक, आणि त्याला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग म्हणजे हेअरस्प्रिंग. तिचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स व्हील भरभर हलते. फोनचे चुंबकी कव्हर, स्पीकर, पर्सचे चुंबकी बटण ही नेहमीची ठिकाणे. घड्याळ होकायंत्राजवळ हळूहळू न्या. सुई घड्याळाच्या मागे फिरू लागली तर उत्तर मिळाले. डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर, हे मिनिटभराचे काम आहे : यंत्र चालू असतानाच घड्याळ सावकाश हातभर लांब न्यायचे आणि मगच बटण सोडायचे. जवळ असताना सोडले तर उलट जास्त चुंबकत्व बसते. घड्याळ खोलून पूर्ण सर्व्हिसिंग करण्याआधी हे करून पाहा, बऱ्याचदा एवढ्यातच भागते. यानेही वेग उतरला नाही तर हेअरस्प्रिंगवर तेल उडालेले असू शकते किंवा वेढा गुंतलेला. ते घरी करण्याचे काम नाही.

क्वार्ट्झ घड्याळ चुंबकापाशी थांबते आणि लांब नेले की पुन्हा चालते, फक्त वेळ लावून घ्यावी लागते. ते डीमॅग्नेटायझरवर धरू नका, त्याच्या मोटरचा रोटर स्वतःच चुंबक असतो.

प्रश्न : माझे ऑटोमॅटिक आठ वर्षे न उघडता उत्तम वेळ दाखवते आहे. मग उगाच का उघडायचे?

वेळ बरोबर असणे आणि तेल असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ताशी २८,८०० ठोके देणारे मशीन दिवसाला ६,९१,२०० ठोके देते. बॅलन्सच्या दांड्याचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके किंवा त्याहूनही बारीक, ते माणकाच्या खड्यात फिरते आणि मध्ये तेलाचा एक कण. तेल सुकले तरी घड्याळ चालत राहते, फक्त आता पोलाद घासले जाते. झिजलेल्या धातूचा कीस उरल्यासुरल्या तेलात मिसळून तपकिरी-काळी लेप होते आणि ती कानशीसारखी काम करते. वेळेवर केले तर खर्च सफाई आणि तेलाचा, उशीर केला तर त्यावर चाके आणि दांडे.

पाच ते सात वर्षांनी उघडावे, हा ढोबळ नियम. त्याहून चांगले म्हणजे वर्षातून एकदा टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर ठेवून अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंशांत झुलते, ते पाहणे. पूर्ण चावी दिलेली, तबकडी वर, अशा स्थितीत आजच्या मशीनला २७० ते ३१० अंश मिळावेत. दोनशेच्या आसपास आले तर वेळ कितीही बरोबर असो, उघडा. घरी दिसणारी खूण म्हणजे मनगटावरून काढल्यावर चाळीस तास चालणारे घड्याळ पंचवीस तासांत थांबू लागते.

आणि कोणी मशीन न खोलता वरून तेल सोडून किंवा पेट्रोलमध्ये बुडवून ‘सर्व्हिसिंग’ करून देत असेल तर घड्याळ परत घ्या. बॅलन्सला पातळ तेल, चावीच्या भागाला घट्ट ग्रीस, ऑटोमॅटिकच्या मेनस्प्रिंगच्या (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगच्या) डब्याला आणखी वेगळे, अशी तीन-चार प्रकारची वंगणे लागतात, आणि पॅलेट फोर्कच्या, म्हणजे चाकाला ठोक्याठोक्याने सोडणाऱ्या काट्याच्या, दांड्याला तर तेल लावतच नाहीत.

प्रश्न : जास्त चावी दिली तर स्प्रिंग तुटते का?

पूर्ण भरल्याने तुटत नाही, अडल्यावर जोर केल्याने तुटते. हाताच्या चावीच्या घड्याळाला रोज एकाच वेळी, मनगटावरून काढून, अडेपर्यंत द्या. मनगटावर असताना चावी तिरकी ओढली जाते आणि तिचा दांडा वाकतो. ऑटोमॅटिकची स्प्रिंग भरल्यावर घसरते, ती अडत नाही. बंद पडलेले असेल तर वीस-तीस फेरे देऊन घाला, रोज चावीने भरू नका, काही मशीनमध्ये त्याने ऑटोमॅटिकची चाके झिजतात.

प्रश्न : रात्री चावीने तारीख बदलली आणि तेव्हापासून ती अर्धवटच सरकते.

रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारखेच्या चक्राचा दात मशीनच्या बोटात अडकलेला असतो. तेव्हा चावीने तारीख पटकन फिरवली की दात किंवा बोट वाकते. आधी काटे पुढे फिरवून साडेसहावर आणा, दोन्ही काटे तारखेच्या यंत्रणेपासून लांब, मग आदल्या दिवसाची तारीख लावा आणि शेवटी काटे पुढे नेत बारा ओलांडून आजच्या तारखेवर आणा. तारीख जिथे पालटली ती मध्यरात्र, म्हणजे सकाळ-संध्याकाळचा घोळही मिटतो. तुमच्या बाबतीत तबकडी उतरवून एखादे चक्र बदलावे लागेल. तोवर तारीख चावीने फिरवू नका, तुटलेला तुकडा चाकांत गेला तर काम वाढेल.

प्रश्न : सोलर घड्याळ बंद पडले. साधा सेल घातला तर?

नको. आत पुन्हा चार्ज होणारा सेल असतो. साधा सेल चार्ज होऊ लागला की फुगतो आणि गळतो. आधी काही दिवस खिडकीतल्या उजेडात तबकडी वर करून ठेवा, पण गाडीच्या डॅशबोर्डवर नको, तिथली उष्णता सेलला मारते. त्यानेही दाद दिली नाही तर त्याच क्रमांकाचा चार्ज होणारा सेल बसवा.

प्रश्न : पट्ट्याची पिन निसटून घड्याळ खाली पडले. हे टाळता येते?

येते. स्प्रिंगची पिन हा घड्याळातला सर्वांत स्वस्त भाग आणि पडण्याचे सर्वांत मोठे कारण. पट्टा बदलताना पिनाही नव्या घाला. घड्याळाच्या कानांमधले, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांमधले, अंतर २० मिलिमीटर असेल तर २० चीच पिन, १८ ची बसल्यासारखी वाटते आणि झटक्यात निघते. बसवल्यावर पट्टा दोन्ही बाजूंना ओढून पाहा, टोक भोकात गेल्याचा ‘टक्’ ऐकू यायला हवा. धातूच्या पट्ट्यात घाम आणि धुळीची काळी घाण साचते, ती पिना आतून घासते आणि पट्टा सैल लोंबू लागतो. महिन्यातून एकदा पट्टा घड्याळापासून काढून कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवून लावा. त्याच वेळी पिना बघून घ्या : वाकलेली, गंजलेली किंवा दाबल्यावर परत न येणारी पिन सरळ फेकून द्या.