हरलेला राजा मोठा कसा?

ब्रुनानबुर्हच्या लढाईत इंग्रजांकडून मार खाल्ला, पोटचा मुलगा गमावला आणि शेवटी गादी सोडून मठात गेला, त्या आल्बाच्या, म्हणजे तेव्हाच्या स्कॉटलंडच्या, दुसऱ्या कॉन्स्टंटाइन राजाला एवढा मान कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते उत्तर एका आकड्यात आहे: ४३ वर्षांचं राज्य.

हा त्या राजघराण्याच्या मूळपुरुषाचा, केनेथ मॅकअल्पिनचा नातू. त्या घराण्यात गादी बापाकडून मुलाकडे सरळ जात नसे, चुलत शाखांमध्ये फिरत असे. भाऊबंदकीला जणू राजमान्यताच! त्याचा बाप एड जेमतेम वर्षभर राज्य करून ८७८ साली आपल्याच माणसांच्या हातून मेला. त्याच घरातला हा माणूस ९०० पासून ९४३ पर्यंत टिकला.

सुरुवात वाईटच झाली. ९०३ मध्ये व्हायकिंगांनी डंकेल्ड लुटलं. पण पुढच्याच वर्षी स्ट्रॅथअर्नमध्ये त्यांना धूळ चारली गेली. ९०६ मध्ये स्कोनच्या टेकडीवर बिशप केलाखसोबत त्याने धर्माचे नियम आणि चर्चचे हक्क पाळायची शपथ घेतली. मला हे लढायांपेक्षा मोठं वाटतं.

खरी डोकेदुखी होती इंग्लंडचा राजा अ‍ॅथलस्टन. ९२७ मध्ये उत्तर इंग्लंडातल्या ईमंटला कॉन्स्टंटाइनला त्याच्यापुढे मान तुकवावी लागली. ९३४ मध्ये अ‍ॅथलस्टनचं सैन्य आल्बातल्या डनॉटरपर्यंत आणि आरमार थेट उत्तर टोकाच्या केथनेसपर्यंत आलं. त्याच सप्टेंबरात बकिंगहॅमला दिलेल्या एका सनदेवर कॉन्स्टंटाइन साक्षीदार आहे, ‘उपराजा’ म्हणजे मांडलिक म्हणून! ही बोच लक्षात घेतली तरच ९३७ ची ब्रुनानबुर्हची लढाई कळते. डब्लिनचा व्हायकिंग राजा ओलाफ आणि शेजारच्या स्ट्रॅथक्लाइडचा राजा ओवेन यांना सोबत घेऊन साठीच्या उंबरठ्यावरचा हा राजा दक्षिणेत उतरला, आणि हरला. इंग्रजांच्या बखरीतलं कवन या ‘पिकल्या केसांच्या योद्ध्या’ची यथेच्छ टर उडवतं. पण ते जेत्यांचं कवन आहे हो. अ‍ॅथलस्टन ९३९ मध्ये वारला, ओलाफने लगेच यॉर्क घेतलं, आणि आल्बा होतं तिथेच राहिलं.

‘पळून मठात गेला’ हेही मला पटत नाही. ९४३ मध्ये त्याने गादी चुलतभावाच्या मुलाला, माल्कमला दिली आणि सेंट अँड्र्यूजला साधू झाला. आल्बाच्या राजांच्या बखरीत तर एक मजेदार वदंता आहे: म्हातारपणी त्याने माल्कमकडे आठवड्यापुरतं राज्य परत मागितलं. कशाला? तर इंग्रजांना एकदा ‘भेटून’ यायला. बखरकार म्हणतो, स्वारी माल्कमनेच केली, पण चिथावणी म्हाताऱ्याची. ९५२ मध्ये तो गेला.