पाला खांद्यापर्यंत, टोमॅटो मात्र दोनच!

प्रश्न: नमस्कार, आमची गच्चीत छोटी बाग आहे. ऑक्टोबरमध्ये ग्रो बॅगमध्ये टोमॅटो लावले, अर्धी काळी माती अर्धं कंपोस्ट. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून दर आठवड्याला बॅगेत एक चमचा युरिया टाकते. झाडं खांद्याला लागलीत, पानं हिरवीकच्च, पण फुलं कमी आणि येतात तीही गळतात. परवा एक झाड वाऱ्याने उपटून आडवं झालं तर मुळं जेमतेम मूठभर! आणि ज्या कुंडीत वर्षभर काहीच घातलं नाही तिथला झेंडू वीतभर, खाली मात्र मुळांचा नुसता गुंता. हे असं उलटं कसं काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, उलटं काही नाहीये, दोन्ही झाडं आपापल्या परीने बरोबरच वागतायत. पानांत जी साखर तयार होते तो झाडाचा घरातला एकुलता एक पगार, आणि तो जिथे अडलंय तिथे आधी खर्च होतो. मातीत नत्र (नायट्रोजन) किंवा स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की वरची वाढ मंदावते, पानांत साखर शिल्लक राहते आणि ती मुळांकडे जाते, म्हणजे अजून लांब जाऊन शोधा. त्यात मुळांत तयार होणारं सायटोकायनिन नावाचं हार्मोन नत्र कमी झालं की घटतं, आणि वर फुटवे फुटायला तेच तर लागतं. तुमच्या झेंडूचं हेच झालंय (कुंडी लहान आहे म्हणूनही गुंता जास्त दिसतोय, सगळं श्रेय उपाशीपणाला नको).

टोमॅटोचं बरोबर याच्या विरुद्ध. युरियात 46 टक्के नत्र असतं. चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम धरला तर 2.3 ग्रॅम नत्र झालं, एवढं नत्र चांगल्या कंपोस्टमधून द्यायचं तर दीड-दोनशे ग्रॅम घालावं लागेल आणि तेही झाडाला हळूहळू मिळणार. तुम्ही ते दर आठवड्याला एका झटक्यात देताय. आयतं मिळतंय म्हटल्यावर मुळं कशाला लांब जातील, झाड सगळं पाल्यात घालतंय आणि फुलाफळाचं नंतर बघू म्हणतंय.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या, इथे मी वाटा किती ते बोलतोय, एकूण वजन नाही. नीट खाल्लेल्या झाडाची मुळं वजनाला उपाशी झाडापेक्षा जास्तसुद्धा भरतात, फक्त एकूण झाडात त्यांचा हिस्सा कमी असतो. शिवाय रोप लहान असताना मुळांचा वाटा तसाही जास्तच असतो, म्हणून वीतभर झेंडू आणि खांद्याएवढा टोमॅटो शेजारी ठेवून फार अर्थ काढू नका.

आता गंमत बघा, सगळ्याच कमतरतेला झाड मुळं वाढवत नाही. पालाश (पोटॅशियम) किंवा मॅग्नेशियम कमी पडलं तर साखर पानातून खाली जायलाच अडकते, पानात साठून राहते आणि मुळंच उपाशी मरतात. म्हणजे मूठभर मुळांमागे जास्तीचं नत्र असेल किंवा पालाशची टंचाई, किंवा दोन्ही एकदम! जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसतायत का बघा, दिसत असतील तर पालाश कमी. जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियमचा संशय घ्या. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे लोह आणि स्फुरद मातीत असूनही झाडाला मिळत नाही, हे पुण्यात फार बघायला मिळतं.

म्हणून एकच खत वाढवून उपयोग नसतो, जे सगळ्यात कमी आहे तेच वाढ अडवतं. जर्मनीत कार्ल स्प्रेंगेल या शास्त्रज्ञाने हे 1828 मध्येच मांडलं, नाव मात्र पुढे लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचं झालं.

करायचं काय, तर युरिया आजपासून बंद. कळ्या दिसल्या की 0:52:34 किंवा 0:0:50 हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के), लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा मातीत द्या. राख मूठमूठ टाकू नका, आपली माती आधीच अल्कधर्मी. केळीच्या सालीच्या पाण्याबद्दल विचारणार असाल तर, त्यात पालाश असतं पण एवढंसंच, हौस म्हणून घाला. आणि सगळा दोष युरियावरही नको, डिसेंबरात रात्री पारा 12-13 च्या खाली गेला की टोमॅटोची फुलं तशीही गळतात. पुढच्या वेळी लावायच्या आधी माती तपासून घ्या, मृदा आरोग्य पत्रिकेत (सरकारी माती तपासणीचा अहवाल) 12 गोष्टी कळतात, सामू (pH) आणि सेंद्रिय कर्ब धरून.

प्रश्न: बाल्कनीत मुळा लावला, पाला हा एवढा, मुळा करंगळीएवढा. खत कुठलं देऊ?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: कुठलंच नको. ऊन किती तास येतं ते लिहिलं नाहीत, पण बाल्कनी म्हणजे दोन-तीन तास असेल. उजेड कमी पडला की झाड पगार पानांवर खर्च करतं, मुळ्यात साठवायला उरतंच काय! त्यात दाट पेरला असाल तर प्रत्येकजण शेजाऱ्याच्या वर डोकं काढायला बघणार. चार बोटांवर एक ठेवून बाकीचे उपटा आणि कुंडी उन्हाच्या कोपऱ्यात सरकवा. ऊन येतच नसेल तर मुळ्याचा नाद सोडून मेथी लावा, आणि उपटलेल्या मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी मस्त होते.