कडाक्याच्या थंडीत स्नोमोबाइलवरचे जीपीएस

प्रश्न : मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे राहतो. यंदा एक जुनी, दोरी ओढून सुरू होणारी, बॅटरी नसलेली स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) घेतली आणि तिच्या पुढच्या काचेवर सक्शन कपने जीपीएस बसवले. उणे 25 अंश सेल्सिअस तापमानात त्याचा पडदा मंदावला आणि बॅटरी बरीच शिल्लक दिसत असतानाही ते बंद पडले. घरी आणल्यावर मात्र नीट सुरू झाले. थंडीत उपग्रहांचा संकेत मिळत नाही का? यंत्र गाडीच्या विजेवर चालवता येईल का?
– एक वाचक, डुलुथ

उत्तर : संकेताची शंका प्रथम दूर करतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांच्या लहरींवर थंडीचा किंवा ढगांचा म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. ओल्या बर्फाने लदलेल्या दाट सूचिपर्णी झाडांखाली संकेत थोडा क्षीण होतो, एवढेच. ऊब मिळताच यंत्र सुरू झाले, त्यावरून त्यात बिघाड असण्याची शक्यताही कमी वाटते. हातात धरण्याजोग्या बऱ्याच जीपीएस यंत्रांची हमी उणे 20 अंशांपर्यंतच असते. त्याखाली लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) इतका वाढतो की, भार पडताच तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) कोसळतो आणि आत वीज शिल्लक असूनही यंत्र ती संपल्याचे समजून बंद होते. पडद्यातील द्रवस्फटिकही (लिक्विड क्रिस्टल) घट्ट होतात, म्हणून चित्र रेंगाळते.

वाऱ्यामुळे यंत्र हवेच्या तापमानाखाली जात नाही, पण स्वतःची ऊब फार लवकर गमावते. म्हणून ते काचेच्या आडोशाला, शक्य तितके खाली बसवावे.

आता विजेविषयी, कारण आपल्या गाडीत खरी काळजी तिथेच घ्यायची आहे. बॅटरी नसलेल्या अनेक जुन्या स्नोमोबाइलमध्ये दिव्यांसाठी इंजिनावरच्या कॉइलमधून येणारी वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर ती कमीजास्त होते. जीपीएसला मात्र स्थिर डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज लागते. दिव्याच्या तारेला ते थेट जोडल्यास जळण्याचा धोका आहे. आपल्या मॉडेलच्या दुरुस्तीपुस्तिकेत डीसी जोडणी दिली आहे का ते पाहा, मल्टिमीटरने खात्री करा आणि ती नसेल तर जाणकार मेकॅनिककडून रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचे स्थिर डीसी करणारा भाग) बसवून घ्या. त्यापुढे यंत्राला लागणारा विद्युतदाब देणारा कन्व्हर्टर, आणि वीज जिथून घेतली तिथेच जवळ एक लहान फ्यूज असावा. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केल्यास ऋण ध्रुवावर लिथियम धातूचा थर साचून तिची क्षमता कायमची घटते. चांगली यंत्रे अशा वेळी चार्जिंग आपोआप थांबवतात आणि बाहेरच्या विजेवर चालत राहतात. आपले यंत्र तसे करते का, हे माहितीपुस्तिकेत तपासावे. पुढे नवे घ्यायचे झाल्यास मी एए सेलवर चालणारे आणि बटणे असलेले यंत्र सुचवेन, कारण जाड हातमोजे घालून स्पर्शपडदा वापरणे कठीण जाते. त्यात पुन्हा चार्ज न होणारे लिथियम एए सेल घालावेत. ते उणे 40 अंशांपर्यंत काम करतात, तर अल्कलाइन सेल त्याआधीच मलूल होतात. जादा सेल अंगालगतच्या खिशात ठेवावेत.

सक्शन कप काढून टाका. थंडीत रबर कडक होते, काचही धक्क्यांनी लवते आणि पकड सुटते. हँडलच्या नळीवर, जी बहुधा 22 मिलिमीटर व्यासाची असते, धातूचा क्लॅम्प आणि त्यावर रबरी आवरणाचा बॉल-जॉइंट (सगळीकडे वळणारा सांधा) बसवावा. थ्रॉटल, ब्रेक आणि इंजिन बंद करायचे बटण मोकळे राहायला हवे. अचानक थांबल्यास छाती जिथे आदळेल अशा जागी यंत्र नको. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना, ते पाहावे, आणि यंत्राला एक मजबूत दोरीही बांधावी.

परतल्यावर गार यंत्र थेट उबदार खोलीत उघडे ठेवू नका, त्यावर बाष्प साचते. ते बाहेरच हवाबंद पिशवीत घालून आत आणावे आणि खोलीइतके उबदार झाल्यावरच पिशवी उघडावी.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. मिनेसोटातील टॉवर ते इंटरनॅशनल फॉल्स या गावांमधला 135 मैलांचा ॲरोहेड मार्ग असो वा एखादे सरोवर, पडद्यावरची रेषा केवळ दिशा दाखवते, बर्फाची जाडी नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार स्नोमोबाइलसाठी नवा, पारदर्शक बर्फ किमान 6 ते 7 इंच जाड हवा आणि पांढरट बर्फ असल्यास त्याच्या दुप्पट. तेव्हा सरोवरावर जाण्यापूर्वी काठाजवळ भोक पाडून जाडी मोजा, आणि पुढेही दर 150 फुटांवर मोजत चला.