बेताचे पैसे आणि अडीच वर्षांची सहप्रवासी

प्रश्न : आमची मुलगी अडीच वर्षांची आहे. आम्हां दोघांनाही नवी शहरे पाहण्याची आवड असल्याने दोन-तीन दिवसांच्या छोट्या सहली पुन्हा सुरू कराव्यात असे वाटते, मात्र हाताशी पैसे बेताचेच आहेत. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की तिला यातले काहीच आठवणार नाही, मग हा खर्च कशाला? काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये?

उत्तर : तिला आठवणार नाही हे खरे, पण आठवणार नाही म्हणून मुलांना बागेत नेणे कोणी थांबवत नाही. शिवाय ही सहल तुम्हां दोघांचीही आहे, हे वडीलधाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

काटकसरीचा पहिला घाव बहुधा मुक्कामावर पडतो आणि नेमका तोच व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. या वयाच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाकाठी ११ ते १४ तासांची झोप लागते. म्हणजे दुपारी खोलीवर परतता आले नाही, तर संध्याकाळची किरकिर ठरलेलीच. शहराबाहेरच्या स्वस्त हॉटेलातून दिवसात दोनदा ये-जा करण्याचे भाडे आणि वेळ हिशेबात धरला, की मध्यवर्ती भागातील लहानशी खोली फारशी महाग वाटत नाही. त्या खोलीला गॅलरी, पडदा किंवा आडोशाचा एखादा कोपरा असेल तर फारच उत्तम, कारण एकच खोली असली की मूल आठ वाजता झोपल्यावर आई-वडिलांना दिवा मालवून, मोबाइलचा उजेडही हाताने झाकून कुजबुजत बसावे लागते. हॉटेलांच्या जाहिरातींतील ‘कुटुंबांसाठी आदर्श’ या शब्दांतून हे काहीच कळत नाही. तिथे दूध गरम करण्याची आणि साधा नाश्ता करण्याची सोय असेल, तर बाहेरच्या खाण्यावरचा खर्चही बराच आटोक्यात राहतो.

तिकिटाच्या बाबतीत, पहाटेचे स्वस्त विमान पाहून लगेच हुरळून जाऊ नये. त्या वेळी टॅक्सीशिवाय पर्याय नसतो आणि मोडलेल्या झोपेची भरपाई करण्यात पहिला दिवस जातो. मांडीवर बसवून नेण्याची सवलत विमान कंपन्या दोन वर्षे पूर्ण होईपर्यंतच देतात, त्यामुळे तुमच्या मुलीसाठी स्वतंत्र आसन घ्यावेच लागेल. हे पाहता, घरापासून मुक्कामापर्यंत तीन-चार तासांत रेल्वेने पोहोचता येईल असे शहर पहिल्या सहलीसाठी अधिक सोयीचे. रेल्वेत तिला निदान उठून चार पावले टाकता येतात.

बघण्याच्या ठिकाणांबाबत आमचे मत थोडे वेगळे आहे. विनामूल्य संग्रहालय निवडावे ते केवळ पैसे वाचतात म्हणून नव्हे. महागडे तिकीट काढले, की ते वसूल करण्याच्या नादात आई-वडील कंटाळलेल्या मुलाला दालनादालनांतून ओढत राहतात. प्रवेश फुकट असेल, तर एक दालन पाहून अर्ध्या तासात बाहेर पडतानाही जिवाला लागत नाही. सकाळी असे एकच ठिकाण, दुपारी झोप आणि संध्याकाळी उद्यान किंवा नदीकाठ, एवढा बेत पुरे. ट्रामची किंवा सार्वजनिक बोटीची साधी फेरीही या वयात प्रेक्षणीय स्थळाइतकीच रंजक ठरते, आणि तिथे तुम्हांलाही बसायला मिळते.

बाबागाडी घडी होणारी आणि हलकी असावी, कारण प्रत्येक स्थानकावर लिफ्ट असेलच असे नाही. तिच्या कपड्यांच्या खिशात तुमचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

सर्वांत मोठी बचत मात्र तारखांमध्ये आहे. मुलीची शाळा सुरू झालेली नाही, तोवर शाळांच्या सुट्ट्या टाळून निघण्याची मुभा तुम्हांला आहे. पर्यटकांच्या शहरांत आठवड्याच्या मधल्या दिवशी, तर कार्यालयांच्या वस्तीतील हॉटेलांत शनिवार-रविवारी खोल्या बहुधा स्वस्त मिळतात. मधले दिवस निवडलेत, तर संग्रहालयाचा साप्ताहिक सुट्टीचा वार आधी पाहून ठेवावा. अनेक ठिकाणी तो सोमवार असतो.